पाहुणा की बिऱ्हाड? स्कॉटलंडच्या नव्या मालिकांचं गणित

मार्च २०२५ मध्ये बीबीसीनं स्कॉटलंडसाठी तीन नव्या मालिका जाहीर केल्या. ग्लासगोतल्या तरुण वकिलांची ‘काउन्सल्स’, काळ्या विनोदाची किनार असलेली थरारक ‘ग्रॅम्स’ आणि ग्लासगोजवळच्या एअरड्री गावातल्या पोरांच्या टोळ्यांवरची ‘द यंग टीम’. त्याच घोषणेत आणखी एक गोष्ट होती. सप्टेंबर २००२ पासून चालू असलेली ‘रिव्हर सिटी’ ही मालिका २०२६ च्या शरद ऋतूत कायमची बंद होणार.

बोटं मोजली तर हिशोब फायद्याचा दिसतो. तीन आल्या, एक गेली. तरीही कलाकारांची संघटना ‘इक्विटी’ने ती एक मालिका वाचवण्यासाठी मोहीम उघडली, आणि तीन नव्या मालिकांचं स्वागत करायचं सोडून लोक गेलेल्या एकीबद्दलच बोलत राहिले. लांबून बघणाऱ्याला हे कोडं वाटतं. जुन्या, रोजच्या पठडीतल्या मालिकेसाठी एवढा जीव का टाकायचा?

हे कोडं सोडवायचं तर स्कॉटलंडमध्ये टीव्हीचा पैसा कसा फिरतो आणि एखाद्या कार्यक्रमावर ‘स्कॉटिश’ हा शिक्का कोण मारतं, ते आधी समजून घ्यावं लागेल. वाटतं तेवढं ते अवघड नाही.

आधी पैसा कुठून येतो

ब्रिटनमध्ये ज्या घरात थेट प्रक्षेपण किंवा बीबीसीचं ‘आयप्लेयर’ हे ॲप बघितलं जातं, त्या घराला परवाना शुल्क भरावं लागतं. एप्रिल २०२५ मध्ये ते वर्षाला १७४ पौंड ५० पेन्स झालं. हा पैसा सगळ्या देशातून एकाच पेटीत जमा होतो आणि बीबीसी त्यातून कार्यक्रम करते. त्यावर जाहिराती नसतात.

ही पेटी उघडण्याचा अधिकार ज्यांच्याकडे असतो, त्यांच्या कामाला ‘कमिशनिंग’ म्हणतात. म्हणजे ‘ही गोष्ट करू या, हा घ्या पैसा’ असं म्हणण्याचा अधिकार. स्कॉटलंडमधल्या निर्मात्यापुढे अशी दोन दारं असतात. एक दार बीबीसी स्कॉटलंडचं, जिथून मुख्यतः स्कॉटलंडच्याच प्रेक्षकांसाठी कार्यक्रम होतात. दुसरं दार ‘नेटवर्क’चं, म्हणजे संपूर्ण ब्रिटनमध्ये दिसणाऱ्या बीबीसी वनसारख्या वाहिन्यांचं.

दोन्ही दारांमागच्या तिजोऱ्यांमध्ये केवढा फरक आहे, ते एका आकड्यावरून कळेल. २४ फेब्रुवारी २०१९ ला ‘बीबीसी स्कॉटलंड’ नावाची स्वतंत्र वाहिनी सुरू झाली, तेव्हा तिचं वर्षाचं अंदाजपत्रक सुमारे ३ कोटी २० लाख पौंड होतं. ब्रिटनच्या करसवलतीत ‘मोठ्या खर्चाची मालिका’ म्हणून बसायचं असेल, तर तासाला किमान १० लाख पौंड खर्च व्हावा लागतो. म्हणजे वाहिनीचा वर्षभराचा सगळा पैसा एकट्या अशा मालिकांवर ओतला, तरी बत्तीस तास भरतील. बातम्या नाहीत, विनोदी कार्यक्रम नाहीत, खेळ नाही, काही नाही. या वाहिनीसाठी मंजूर झालेली पहिली नाट्यमालिका ‘गिल्ट’ चार भागांची होती, यात म्हणूनच आश्चर्य नाही.

त्यामुळे स्कॉटलंडमध्ये मोठी मालिका करायची, तर नेटवर्कचं दार ठोठवावं लागतं, किंवा बाहेरचा भागीदार शोधावा लागतो. एसटीव्ही ही जाहिरातींवर चालणारी खासगी वाहिनी १९५७ पासून आहे, पण संध्याकाळच्या तिच्या मोठ्या मालिका बहुतेक आयटीव्ही या ब्रिटनभरच्या खासगी जाळ्याच्या सामाईक पंगतीतूनच येतात.

गोष्ट कुठली, चित्रीकरण कुठलं, हात कुणाचे

‘स्कॉटिश मालिका’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे धुकं, दगडी वाडे आणि समुद्रकिनारी उभा पोलीस अधिकारी येतो. पण हे झालं गोष्टीचं ठिकाण. कार्यक्रम तयार कुठे झाला आणि कुणाच्या हातांनी झाला, हे दोन प्रश्न वेगळेच.

‘मिसेस ब्राउन्स बॉइज’ ही विनोदी मालिका घ्या. ॲग्नेस ब्राउनचं ते स्वयंपाकघर, भोवती जमलेली पोरंबाळं, शेजारीण, सगळं कुटुंब डब्लिनचं. पण ते स्वयंपाकघर उभं राहतं ग्लासगोत, क्लाइड नदीकाठच्या पॅसिफिक की इथल्या बीबीसीच्या स्टुडिओत, समोर खरेखुरे प्रेक्षक बसवून. गोष्ट आयर्लंडची, काम स्कॉटलंडचं.

आता उलट बाजू. नेटफ्लिक्सवर मे २०२५ मध्ये आलेली ‘डिपार्टमेंट क्यू’ एडिनबरा शहरात घडते आणि तिथेच चित्रित झाली. पण तिची मूळ कथा डेन्मार्कची, मूळ शहर कोपनहेगन, मालिका रचणारा अमेरिकी, मुख्य नट इंग्लिश. तरीही लीथ बंदराजवळच्या स्टुडिओत सुतारांनी सेट ठोकले आणि त्यांना मजुरी मिळाली. हिला स्कॉटिश म्हणायचं की नाही? तीन माणसांना विचारलं तर तीन उत्तरं येतील. मला विचाराल तर निम्मी.

तीनपैकी दोन

असा वाद प्रत्येक वेळी घालत बसता येत नाही, म्हणून ब्रिटनच्या प्रसारण नियामकानं, म्हणजे ‘ऑफकॉम’नं, एक मोजपट्टी ठरवली आहे. ती मुळात ‘कार्यक्रम लंडनबाहेर झाला का’ हे मोजते. लंडनबाहेर म्हणजे शहराला वेढणाऱ्या एम-२५ या वर्तुळाकार महामार्गाच्या पलीकडे. कार्यक्रम त्यात बसला, की मग तो स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंड यांपैकी कुणाच्या खात्यावर टाकायचा ते ठरतं.

अटी तीन आहेत. निर्मिती कंपनीचं खरोखर कामकाज चालणारं कार्यालय तिथे, म्हणजे लंडनबाहेर, हवं. खर्चाचा किमान ७० टक्के भाग तिथे व्हायला हवा. पडद्यामागच्या कलाकार-तंत्रज्ञांवर होणाऱ्या खर्चापैकी किमान ५० टक्के खर्च तिथे नेहमी काम करणाऱ्या लोकांवर व्हायला हवा. या तीनपैकी कुठल्याही दोन पूर्ण केल्या की काम झालं.

इथे एक बारकावा आहे, तो सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. पडद्यावर दिसणाऱ्या माणसांचं मानधन या हिशोबात धरतच नाहीत. म्हणजे एकही स्कॉटिश उच्चार कानावर न पडता कार्यक्रम नियमानं स्कॉटिश ठरू शकतो.

बीबीसीवर बंधन असं, की नेटवर्कवरच्या तासांपैकी किमान ८ टक्के आणि खर्चापैकी किमान ८ टक्के वाटा स्कॉटलंडचा असला पाहिजे. स्कॉटलंडची लोकसंख्या सुमारे ५५ लाख, ब्रिटनच्या साधारण ८ टक्के. माणसांच्या प्रमाणात काम, एवढं ते सरळ आहे.

मग भांडण कशावरून? गावातल्या लग्नाचं उदाहरण घेऊ. गावानं ठरवलं, स्वयंपाकाचं काम गावातल्यालाच द्यायचं. शहरातला मोठा आचारी गावात एक खोली भाड्यानं घेतो, दारावर पाटी लावतो, किराणा आणि भाजी गावातल्या दुकानातून घेतो. दोन अटी झाल्या. मुख्य स्वयंपाकी, वाढपी, हिशोबनीस मात्र तो आपल्या टेम्पोतून आणतो आणि लग्न उरकलं की सगळे परत. किराणावाल्याचा धंदा झाला, हे खरं. पण गावातल्या एकाही पोरीला किंवा पोराला दोनशे पानांचा भात लावायला आला का? पुढच्या लग्नालाही टेम्पोच येणार.

टीव्हीच्या धंद्यात याला ‘लिफ्ट अँड शिफ्ट’ म्हणतात. दुसरीकडे रुजलेला कार्यक्रम उचलायचा आणि कोट्यासाठी इथे आणून ठेवायचा. सगळ्यात ठळक उदाहरण ‘वॉटरलू रोड’चं. इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या शाळेची ही मालिका २०१२ मध्ये कथेसकट स्कॉटलंडमधल्या ग्रिनकला हलवली. तिथल्या बंद पडलेल्या शाळेची इमारत मिळाली, काही वर्षं काम मिळालं. २०१५ मध्ये ती थांबली, आणि २०२३ मध्ये परत सुरू झाली ती मँचेस्टरच्या बाजूला.

पाहुणा आणि बिऱ्हाड यांतला फरक आपल्याला सांगायला लागत नाही. पाहुणा चार दिवस राहतो, घरात चहलपहल असते, तोही आपला असतो. पण बिऱ्हाड करणारा किराण्याची उधारी चालू करतो, मुलांना शाळेत घालतो. माझ्या मते स्कॉटलंडच्या टीव्हीबद्दलचा सगळा वाद या एका फरकात मावतो.

किल्ल्यातलं गोल टेबल

‘द ट्रेटर्स’शिवाय ही चर्चा पुढे जात नाही. स्पर्धकांमध्ये लपलेले दगाबाज बाकीच्यांनी ओळखायचे, असा हा टीव्हीवरचा खेळ मूळचा नेदरलँड्सचा. आपल्याकडेही तो आला, जून २०२५ मध्ये, करण जोहर आणि जैसलमेरचा हवेलीवजा राजवाडा घेऊन. ब्रिटिश आवृत्ती नोव्हेंबर २०२२ पासून स्कॉटलंडच्या उत्तरेला हायलँड्समध्ये, आर्ड्रॉस किल्ल्यात होते.

बाहेर लांबलचक हिरवळ आणि मागे झाडीचे डोंगर. आत एक गोल टेबल, खुर्च्यांवर दबा धरून बसल्यासारखी माणसं, मधोमध मंद उजेड, आणि स्लेटच्या पाटीवर खडूनं लिहिलेलं नाव समोर धरण्याचा तो क्षण. सूत्रधार क्लॉडिया विंकलमन चौकड्यांच्या लोकरी कपड्यांत त्यांच्याभोवती फिरते. किल्ला, धुकं, मशाली या सगळ्यांमुळे फसवणुकीच्या खेळाला जुन्या दंतकथेचा रंग चढतो. स्कॉटलंड काढून टाकलं तर या कार्यक्रमाचा अर्धा जीव जाईल. २०२५ मध्ये नामवंतांना घेऊन केलेल्या आवृत्तीचा शेवटचा भाग एक कोटीहून अधिक लोकांनी बघितला.

नियमानं हा कार्यक्रम स्कॉटिश आहे, आणि बीबीसीचं म्हणणं आहे की आपण अटी पाळतो. स्कॉटलंडमधल्या काही तंत्रज्ञांची तक्रार अशी, की पडद्यामागच्या वरच्या जागांवर तिथे राहणारी माणसं फार थोडी दिसतात. दोघांचंही खरं असू शकतं, कारण तीनपैकी दोन अटी पाळणं आणि निर्णयाच्या खुर्च्या स्थानिकांना देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अमेरिकी ‘ट्रेटर्स’सुद्धा याच किल्ल्यात होतं आणि त्याचा सूत्रधार ॲलन कमिंग हा अस्सल स्कॉटिश नट आहे. पण ते अमेरिकी वाहिनीसाठी असल्यामुळे ऑफकॉमच्या वहीत त्याची नोंद शून्य. किल्ल्यात खुर्च्या मांडणाऱ्याला मात्र दोन्हींकडून रोजगार मिळतो. मोजपट्टी काय पकडते आणि काय सोडते, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं सापडणार नाही.

मग ‘रिव्हर सिटी’त असं काय होतं?

ग्लासगोहून क्लाइडच्या काठानं वायव्येला निघालं की डम्बार्टन लागतं. तिथे एकेकाळच्या व्हिस्कीच्या कारखान्याच्या आवारात एक अख्खा रस्ता बांधलेला आहे. दुकानं, घरांची दारं, आणि ‘द टॉल शिप’ नावाचा पब. हे शिल्डिंच, ग्लासगोचा काल्पनिक मोहल्ला. नकाशावर नाही, पण वीस वर्षांहून जास्त काळ तिथे लग्नं झाली, खून झाले, पोरं मोठी झाली.

अशा न संपणाऱ्या कौटुंबिक मालिकेला इंग्रजीत ‘सोप’ म्हणतात. आपल्या रोज संध्याकाळच्या मालिका त्याच जातीच्या. समीक्षक त्यांना नाक मुरडतात. पण सोपचा खरा गुण पडद्यावर दिसत नाही. काम थांबत नाही, हा तो गुण. सहा भागांच्या मालिकेत नवख्या माणसाला संधी द्यायला दिग्दर्शक घाबरतो, कारण प्रत्येक तासाला लाखो पौंड जळत असतात आणि चूक सुधारायला पुढचा आठवडा नसतो. सोपमध्ये पुढचा आठवडा असतो. ज्यानं आज एक प्रसंग लिहिला, त्याला महिन्यानं अख्खा भाग लिहायला मिळतो. आवाज धरणारी मदतनीस दोन वर्षांत स्वतः विभाग सांभाळते. तालमीत रोज माती अंगाला लागते तसं.

सॅम ह्यूअनचं उदाहरण घ्या. २००५ मध्ये तो ‘रिव्हर सिटी’त एका फुटबॉलपटूची छोटी भूमिका करत होता. पुढे तो ‘आउटलँडर’ या मालिकेचा नायक झाला आणि जगभर पोचला. चेहरे आपल्याला आठवतात. त्याच वाटेनं गेलेल्या संकलकांची, वेशभूषाकारांची, पटकथालेखकांची नावं आपण वाचत नाही.

त्यात एक जुना धागा तुटतो आहे. लॉक लोमंड या सरोवराच्या काठावर चित्रित होणारी ‘टेक द हाय रोड’ ही एसटीव्हीची मालिका १९८० मध्ये सुरू झाली आणि २००३ पर्यंत चालली. तोवर ‘रिव्हर सिटी’ सुरू झालेली होती. म्हणजे १९८० पासून स्कॉटलंडकडे आपली स्वतःची एक तरी सोप कायम होती. ते आता संपतं आहे.

पण लोक बघतच नसतील तर?

हा आक्षेप हलका नाही. बीबीसी म्हणते, प्रेक्षकांची आवड बदलली आहे, लोकांना वर्षभर चालणाऱ्या मालिकेपेक्षा आटोपशीर आणि दर्जेदार मालिका हव्या आहेत. खर्च वाढला आहे. डम्बार्टनच्या जागेच्या भाडेकराराची मुदतही संपते आहे. आयप्लेयरवर बोट फिरवणारा विशीतला मुलगा ठरलेल्या वारी टीव्हीसमोर बसत नाही, हे आपल्या घरातही दिसतं. शिवाय नव्या मालिका साऱ्या ब्रिटनमध्ये आणि परदेशात विकल्या जाऊ शकतात. शिल्डिंचच्या गल्लीतली गोष्ट तेवढी लांब जात नव्हती.

हे सगळं मला पटतं. सोप म्हातारी झाली तर ती बंद करावी. पटत नाही ती एकच गोष्ट: बंद होताना तिचं प्रेक्षकांसाठीचं काम मोजलं गेलं, शिकवण्याचं काम नीट मोजलं गेलं नाही. नव्या मालिकांमधून प्रशिक्षणाच्या संधी देऊ, असं बीबीसीनं सांगितलं आहे. ते झालं तर चांगलंच. पण सहा भागांचं चित्रीकरण काही महिन्यांत उरकतं. मग शिकणारा पोरगा उरलेलं वर्ष काय करतो? बहुतेक वेळा लंडनची गाडी पकडतो, नाहीतर धंदा सोडतो.

बाहेरचा पैसा वाईट असतो का?

नाही, आणि याचा पुरावा ‘आउटलँडर’ हाच आहे. पैसा अमेरिकी, कथा अमेरिकी लेखिकेची, आणि त्यावर ऑफकॉमच्या कोट्याचं बंधन नाही, कारण हे कोटे बीबीसीसारख्या सार्वजनिक सेवेच्या वाहिन्यांनाच लागू होतात. नेटफ्लिक्स किंवा ॲमेझॉनला ते नाहीत. तरीही या मालिकेनं कम्बरनॉल्डमधल्या जुन्या कारखान्याचा स्टुडिओ केला आणि दहा वर्षांहून जास्त काळ तिथेच मुक्काम ठोकला. अठराव्या शतकातले कपडे शिवायला, तलवारी घडवायला, घोडे सांभाळायला माणसं लागली, आणि एवढा काळ बाहेरून आणलेली माणसं परवडत नाहीत. मग तिथलीच तयार झाली.

म्हणजे पैसा कुठल्या गावचा आहे, यापेक्षा तो किती दिवस राहतो हे महत्त्वाचं. परदेशी पाहुण्यानं बिऱ्हाड केलं तर तो घरचाच. उलट घरच्यानं दर वर्षी बॅग भरून निघायचं ठरवलं, तर तो पाहुणाच.

भाषेचा प्रश्न

आतापर्यंतचं सगळं इंग्रजीतल्या कामाबद्दल झालं. स्कॉटलंडची आणखी एक भाषा आहे, गॅलिक. २०२२ च्या जनगणनेत ती थोडीफार तरी येणारे लोक अडीच टक्के निघाले, म्हणजे सुमारे १ लाख ३० हजार. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढे. सप्टेंबर २००८ पासून ‘बीबीसी अल्बा’ ही गॅलिक वाहिनी चालू आहे.

जानेवारी २०२५ मध्ये या वाहिनीवर चार भागांची ‘अन चेलन’ आली. नावाचा अर्थ ‘बेट’. लुइस आणि हॅरिसच्या बेटावर चित्रित झालेली ही खुनाची गोष्ट. बीबीसी अल्बासाठी तासाला दहा लाख पौंडांचा टप्पा गाठणारी ही पहिलीच मालिका. पात्रं घरात गॅलिक बोलतात, बाहेरून आलेल्यांशी इंग्रजी बोलतात आणि संतापली की पुन्हा गॅलिकवर येतात. ज्याच्या घरात दोन भाषा नांदतात, त्याला हे पात्रांच्या ओठांवर बघताना गलबलून येतं.

कोट्याचा पाहुणा इथे कधीच येणार नाही, हे ध्यानात घ्या. गॅलिकमध्ये संवाद लिहिणारा टेम्पोतून आणता येत नाही. तो बेटावर जन्मावा लागतो किंवा तिथे वर्षानुवर्षं राहावा लागतो. १९९० च्या दशकात एसटीव्हीनं ‘माखर’ नावाची गॅलिक सोप केली होती, १९९३ ते १९९९. तेव्हा या भाषेतल्या नटांना आणि लेखकांना सलग काम म्हणजे काय ते कळलं होतं. त्यानंतर मुख्यतः थोड्या भागांचे पाहुणे येत राहिले.

नवी यादी हातात आल्यावर

लेखक-नट रिचर्ड गॅडच्या ‘हाफ मॅन’ या मालिकेचं चित्रीकरण २०२५ मध्ये ग्लासगो आणि आसपास झालं. ‘डिपार्टमेंट क्यू’चा दुसरा हंगाम मंजूर झाला. ‘शेटलंड’ ही पोलीस तपासाची मालिका २०१३ पासून टिकून आहे, मधे तिच्यातलं मुख्य अधिकाऱ्याचं पात्र बदलूनही. टोबरमोरी गावातल्या रंगीत घरांची लहान मुलांची ‘बॅलामोरी’ परत करायचं ठरलं. यादी भरगच्च आहे आणि बघायला खरोखर चांगलं खूप काही आहे.

अशी यादी वाचताना मी शीर्षकाशेजारी तीन खुणा करतो. निर्माता कुठे बसतो. हा हंगाम कितवा. आणि शेवटच्या नामावलीत ‘प्रशिक्षणार्थी’ या शब्दापुढे किती नावं. तिसरी खूण करायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण नामावली सुरू झाली रे झाली की ॲप तिला कोपऱ्यात ढकलून पुढचा भाग सुरू करतं. रिमोट उचलून ती परत मोठी करावी लागते. ‘काउन्सल्स’चा पहिला भाग बघेन तेव्हा मी ती करणार आहे, आणि शिल्डिंचच्या रस्त्यावरची ओळखीची नावं त्यात सापडतात का, ते शोधणार आहे.